क्रूस कोणी लिहिला?

शाळेच्या पुस्तकातून रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला भेटतात ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून. एक कविता, वर दोन ओळींचा परिचय, जन्म १८६१, मृत्यू १९१९, आणि लगेच पुढचा धडा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरची चोवीस वर्षं हा कवी ज्या एका गोष्टीभोवती फिरत राहिला, ती त्या दोन ओळींत मावत नाही. ती चर्चमध्ये राहिली. ‘उपासना संगीत’ या मराठी प्रॉटेस्टंट गीतपुस्तकात टिळकांची पदं आहेत, रविवारी ती पेटी-तबल्यावर गायली जातात, आणि चर्चच्या भिंतीबाहेरचा मराठी वाचक त्यांच्याकडे फिरकतही नाही.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत वाढलो. सप्ताह, पारायण, हरिपाठ हे सगळं कानावरून गेलेलं. पुढे इंजिनिअरिंग, मग सॉफ्टवेअरची नोकरी. कोल्हापूरला मिशनचा इतिहास जुना आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, त्यांच्या नावाचं चर्च शहरात आहे. पण गावातल्या माझ्यासारख्या पोराला त्या चर्चचा संबंध नाताळच्या रोषणाईपुरताच. दोन वर्षांपूर्वी एका मित्रासोबत मी उत्तम शुक्रवारची उपासना बसून ऐकली, म्हणजे गुड फ्रायडेची. दुपारची तीन तास चालणारी, क्रुसावरच्या सात उद्गारांवरची. भाषणांपेक्षा मधली गाणी डोक्यात राहिली आणि मग मी ती वाचायला लागलो. वाचक म्हणून मला एकच प्रश्न पडला होता: बाप्तिस्म्याचं पाणी, भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा प्याला, पाय धुणं, शुक्रवारचा शोक, रविवारचा आनंद, हे सगळं एकत्र धरून ठेवतं कोण?

पंगत आणि परात

याचं उत्तर धर्मशास्त्राच्या पुस्तकात ‘आत्मसमर्पण करणारं प्रेम’ असं एका ओळीत मिळतं. पण ती ओळ घोटून हाती काही लागत नाही. मूळ कागद बघावे लागतात.

इसवी सन ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला पत्र लिहितो. त्याच्या प्रांतात ख्रिस्ती लोक सापडलेत, त्यांचं करायचं काय, अशी विचारणा आहे. त्यांचा गुन्हा काय? ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात. ते गीत कोणतं हे प्लिनी सांगत नाही. पण त्याच्याही आधी पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात काही ओळी आहेत, ज्यांना अनेक अभ्यासक पहिल्या पिढीतलं उपासनागीत मानतात. त्याचा आशय असा: जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने ती बरोबरी धरून ठेवली नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत, खाली उतरला. मग देवाने त्याला उंच केलं.

या गीताचा आकार बघा. बहुतेक स्तोत्रांत देव वर असतो आणि भक्त खालून त्याचे गुण मोजतो. इथे देवाचा गुण म्हणजेच खाली येणं. एकदा हा आकार लक्षात आला की उपासनेतला प्रत्येक तुकडा त्याच आकाराचा दिसू लागतो. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात खाली जाणं आणि वर येणं. भाकरी मोडली जाते, मगच वाटली जाते. शुक्रवार खाली, रविवार वर. कोडच्या भाषेत सांगायचं तर बाहेरून वेगवेगळी दिसणारी सगळी फंक्शन्स आतून एकाच फंक्शनला हाक मारतात.

याचा आणखी एक पुरावा मला फार आवडतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत शेवटच्या रात्रीच्या जेवणात भाकर आणि प्याला येतात. योहानाच्या शुभवर्तमानातही ते जेवण आहे, पण तिथे भाकर-प्याल्याचा विधी नाही. त्या जागी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, परातीत पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. म्हणजे कथेतल्या एकाच जागेवर तिघांनी एक दृश्य ठेवलं आणि चौथ्याने दुसरं. अशी अदलाबदल खपून जाते, कारण दोन्ही दृश्यं एकच गोष्ट बोलतात.

आणि हे नुसतं प्रतीक राहू नये म्हणून पौल करिंथकरांवर चिडतो. तिथे प्रभुभोजनाला लोक जमत. पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र होत, गरीब मागून येऊन उपाशी राहत. आपल्याला पंगतीचं राजकारण नवीन नाही. आधी कोण बसतं, कोणाला बाहेर वाढतात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. पौल म्हणतो, अशा जेवणाला प्रभूचं भोजन म्हणूच नका. विधी बिनचूक असेल, पण पंगत तशी असेल तर उपासना झालीच नाही. त्याच पत्राचा तेरावा अध्याय म्हणजे प्रेमावरचा तो प्रसिद्ध अध्याय, जो लग्नांत वाचतात आणि इन्स्टावर नक्षीदार अक्षरांत फिरतो. पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही अध्याय उपासनेतल्या भांडणांबद्दल आहेत: कोणाचं वरदान मोठं, सभेत आधी कोणी बोलायचं. लग्नाशी त्या अध्यायाचा काही संबंध नाही. अहंकारी लोकांनी एकत्र गाणं कसं म्हणावं, याचा तो सल्ला आहे.

विठू महार आणि क्रूस

मराठी वाचकाला या गोष्टीचा अर्धा भाग आधीच ठाऊक असतो. आपला देवही खाली उतरतो. जनीबरोबर दळण दळतो. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीने पाणी भरतो. आणि सगळ्यांत जवळची गोष्ट मंगळवेढ्याची. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचं धान्याचं कोठार रयतेला खुलं केलं. शिक्षा ठरलेली. तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बिदरच्या दरबारात गेला आणि दामाजींचं देणं चुकतं करून आला. देवाने समाजात सगळ्यांत खाली ढकललेल्याचं रूप घ्यावं आणि दुसऱ्याचं कर्ज फेडावं! फिलिप्पैकरांच्या गीतातलं ‘दासाचं रूप’ आणि हा विठू महार यांच्यामध्ये फार अंतर नाही.

पण जे अंतर आहे ते महत्त्वाचं आहे. विठू महार मोहरांची थैली ओततो, पावती घेतो आणि अदृश्य होतो. बादशहा थक्क होतो, दामाजी सुटतात. देव दमला असेल, पण देवाला मार पडला नाही. वारकरी कथेत देवाचं खाली येणं ओळखलं जातं आणि कथा डोळे भरून येण्यावर संपते. क्रुसाच्या कथेत खाली आलेल्याला कोणी ओळखत नाही. जवळचे पळून जातात. कर्ज फेडायला थैली नसते, शरीरच द्यावं लागतं.

टिळकांची खरी अडचण ही होती असं मला त्यांची पदं वाचताना वाटतं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. पण पूल दोन्ही बाजूंनी वापरता येतो. मिशनऱ्यांबरोबर आलेल्या, इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांत रक्त, कोकरा, खंडणी, प्रायश्चित्त असे शब्द दाटीवाटीने येतात. त्या शब्दांना हिब्रू मंदिराचा आणि युरोपातल्या धर्मशास्त्राचा इतिहास आहे. मराठी कानाला मात्र ‘बळी’ म्हटलं की जत्रेतलं बोकड दिसतं, नाहीतर बळीराजा आठवतो. टिळकांनी हे शब्द टाकून दिले नाहीत, पण मध्यभागी दुसरा शब्द आणून बसवला: माउली. त्यांचा ख्रिस्त गुरू आहे आणि आईही आहे. अभंग, ओवी, पद हे साचे त्यांनी नुसते सजावटीसाठी घेतले नाहीत. ज्ञानोबा-तुकोबांनी तीनशे-चारशे वर्षं वापरून या साच्यांत आईच्या मायेची जी सवय भरून ठेवली होती, ती त्यांनी कामाला लावली.

यातून मिळालं काय? क्रुसावरचं मरण न्यायालयातल्या हिशेबासारखं न वाटता आईच्या झिजण्यासारखं वाटू लागलं. हा मोठा काव्यनिर्णय आहे आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वतःचा आवाज मिळाला तो इथे. पण काही गमावलंही. आईचं झिजणं आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं असतं की त्याचा धक्का बसत नाही. टिळकांच्या काही पदांत क्रूस इतका मऊ होतो की खिळे टोचत नाहीत. अभंगाची गोडी कधीकधी आशयावर मात करते. त्यांच्या चाहत्यांना हे आवडणार नाही, पण सलग वाचल्यावर ही भावना टाळता येत नाही.

साष्टीतलं पुराण

हा प्रश्न टिळकांच्याही तीनशे वर्षं आधी एका इंग्रजाला पडला होता. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला, साष्टीत राहिला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं, ही त्यामागची गरज. उपवासकाळाच्या दिवसांत ते मोठ्याने गायलं जाई.

ओवी सुंदर आहे, भाषेवरचं प्रेम खरं आहे. पण वाचताना हेही विसरता येत नाही की याच साष्टीतली देवळं १५६७ च्या सुमाराला पाडली गेली होती. ज्या सत्तेच्या आधाराने देवळं पडली, त्याच सत्तेच्या छायेत स्वतःला रिकामं करणाऱ्या देवाची गोष्ट सांगितली जात होती. मला हा स्टीफन्सवरचा वैयक्तिक आरोप वाटत नाही. पण आत्मसमर्पणाची गोष्ट कोण, कुठे उभं राहून सांगतो, यावर तिचा अर्थ बदलतो. तलवार हातात असलेल्याने ती सांगितली तर ऐकणाऱ्याला ती सूचना वाटते: तू वाक.

किंमत कोणी मोजली

आमच्या पिढीला ‘त्याग’ या शब्दाची ॲलर्जी आहे आणि ती उगाच नाही. ‘आई म्हणजे त्याग’ हे भाषण ऐकत मोठं होताना त्या आईला विचारायचं कोणाच्या लक्षात येत नाही. कंपन्या ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणतात तेव्हा शनिवार जाणार हे आपल्याला कळतं. म्हणून आत्मसमर्पणाच्या कोणत्याही स्तुतीला पहिला प्रश्न हाच: किंमत कोणी मोजली?

टिळकांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून पुस्तकरूपाने आलेलं, मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांपैकी एक. टिळक देवमाणूस होते, आणि देवमाणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय हे त्या पुस्तकात पानोपानी आहे. घरात आलेला पैसा टिकत नाही. कोणीही दुःखी दिसला की तो घरी येतो. टिळक देतात आणि त्या देण्याचा हिशेब लक्ष्मीबाईंच्या चुलीवर येतो. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या निर्णयाची किंमत पदरात लहान मूल असलेल्या बाईने पाच वर्षं ताटातूट सोसून मोजली. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या पायांनी चालत, स्वतः विचार करून. सोवळ्याच्या आत वाढलेली ही बाई जातिभेद माणसानेच केलेला आहे या निष्कर्षापर्यंत ज्या वाटेने पोचते, ती वाट कुठल्याही प्रवचनापेक्षा पटणारी आहे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य लिहायला घेतलं. सुरुवातीचे दहा-साडेदहा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९३८ मध्ये, त्याही गेल्यानंतर.

म्हणजे मराठीतल्या या महाकाव्यात पाय धुण्याचा प्रसंग, शेवटचं जेवण, गेथशेमाने बाग आणि क्रूस येतो तो लक्ष्मीबाईंच्या हातून. आत्मसमर्पणावर आयुष्यभर गाणाऱ्या कवीने सुरुवात केली. ते समर्पण ज्या घरात निभावलं गेलं त्या घराच्या बाईने ते शेवटाला नेलं. समीक्षकांनी या जोडग्रंथाकडे बहुधा ‘पतीचं अपुरं काम पत्नीने पूर्ण केलं’ अशा कौतुकाच्या नजरेने पाहिलं. मला ते कौतुक अपुरं वाटतं. लक्ष्मीबाईंची ओवी टिळकांइतकी घोटीव नाही, ती कुठे सपाट होते, कुठे गद्याजवळ जाते. पण त्यांना गोष्ट सांगता येते, आणि दुःखाचा गोडवा करायची त्यांना गरज पडत नाही. टिळकांच्या पदांत मऊ झालेला क्रूस इथे पुन्हा कठीण होतो.

इथे एक भेद स्पष्ट ठेवायला हवा, नाहीतर सगळी चर्चा घातक होते. हाल म्हणजे त्याग नव्हे. आमच्या गावाच्या शेजारी वळिवडे आहे. तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत सत्तेने घरातून उचलून सायबेरियाकडे नेलेली, तिथून सुटून इथवर पोचलेली. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. पुढे त्याच जागेवर फाळणीत उखडलेले सिंधी आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. आम्ही तिथे कपडे घ्यायला जातो. या दोन्ही लोकांनी जे सोसलं त्याला त्याग म्हणणं हा अपमान आहे. त्यांच्याकडून ते हिसकावलं गेलं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू बजावतो ते नेमकं हेच: आपला जीव कोणी हिरावून घेत नाहीये, आपण तो स्वतःहून देतोय. ज्याच्याकडे ‘नाही’ म्हणायची सोय आहे त्याचंच देणं समर्पण ठरतं. फिलिप्पैकरांच्या गीताची सुरुवातच बरोबरी असलेल्यापासून होते, दासापासून नाही. म्हणून ते गीत आधी मालकाने म्हणायचं आहे, नवऱ्याने म्हणायचं आहे, पंगतीत आधी बसणाऱ्याने म्हणायचं आहे. उपासनेने हा क्रम उलटा केला आणि आधीच खाली असलेल्याला ‘अजून वाक’ म्हटलं, की ती स्वतःच्याच गाण्याच्या विरोधात जाते.

प्लेलिस्टमधला देव

आज मराठी ख्रिस्ती गाणी यूट्यूबवर भरपूर आहेत. कीबोर्ड, ड्रम्स, ड्रोनने घेतलेले डोंगर. माझ्या पिढीची ख्रिस्ती मंडळी हीच गाणी गाडीत ऐकतात आणि हळूहळू रविवारच्या उपासनेतही तीच येतात. जुन्या पुस्तकातली पदं ज्येष्ठांसाठी राहतात. मला नव्या वाद्यांबद्दल तक्रार नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं, तेव्हा तेही नवंच होतं.

अडचण क्रियापदांची आहे. यातली बरीच गाणी सलग ऐकली तर देव काय करतो याची यादी अशी होते: मला उचलतो, मला जिंकवतो, माझे शत्रू हटवतो, माझी दारं उघडतो. यात ‘मी’ आहे म्हणून बिघडलं असं नाही. स्तोत्रसंहिता ‘मी’ने भरलेली आहे, तुकोबांचे अभंगही, टिळकांची पदंही. फरक दिशेचा आहे. जुन्या गीतात देव खाली येतो आणि मग गाणाऱ्याला प्रश्न पडतो की आता मी कुठे उतरू? नव्या गीतात देव वर आहे आणि मलाही वर ओढतो, गाणं तिथेच संपतं. भाकर मोडण्याचा भाग गळाला, फक्त वाढदिवसाचा केक उरला. अपवाद आहेत, आणि काही नव्या गीतकारांनी जुनी पदं नव्या चालीत आणलीही आहेत. पण धागा सुटतोय हे बाहेरच्या माणसालाही ऐकू येतं. असं गाणं गाऊन झाल्यावर त्याच सभेत भाकर मोडली, तर ती कशासाठी मोडली हे गाण्यातून कळायला जागा राहत नाही.

ही केवळ चर्चची काळजी नाही. मराठी भक्तिसंगीताचं सगळीकडे हेच होतंय. चोख्याची मेलेली ढोरं ओढू लागणारा विठ्ठल रील्समध्ये दिसत नाही. तिथे विठ्ठल सोन्याने मढलेला आहे आणि पार्श्वभूमीला ढोल आहेत. खाली उतरणारा देव कॅमेऱ्याला आवडत नाही.

तेव्हा माझी शिफारस साधी आहे. टिळकांची पदं शोधून वाचा, त्यांच्यातली माया आणि त्यांचा मऊपणा, दोन्हींसकट. मग ‘स्मृतिचित्रे’ वाचा. आणि मग ‘ख्रिस्तायन’ मिळवून त्यातले लक्ष्मीबाईंचे शेवटचे अध्याय वाचा. ख्रिस्ती असण्याची अट नाही. पाठ्यपुस्तकाने आपल्याला फुलं दिली, मुलं दिली आणि ज्या बाईने क्रूस लिहिला तिचं नाव या ग्रंथापुढे घ्यायचं राहूनच गेलं. टिळकांच्या नावाचा ग्रंथ म्हणून तो कपाटात पडून आहे. निदान आपण तरी तो दोघांच्या नावाने मागायला सुरुवात करू.